नागपूरच्या उन्हात इलेक्ट्रिक कारची बॅटरी जास्त वर्षं कशी टिकवावी

इलेक्ट्रिक कार घ्यायचा विषय निघाला की नागपुरात पहिला प्रश्न ठरलेला: आठ वर्षांनी बॅटरी बदलायला काही लाखांचा खड्डा पडेल का? गाडी नीट वापरली तर बहुतेकांना तो पडणार नाही. पण आपल्याकडचा मे महिना असा असतो की पुण्या-मुंबईचे सल्ले जसेच्या तसे इथे चालत नाहीत.

आधी आपल्या वापराचा हिशेब मांडा

बॅटरी शून्यापासून शंभरपर्यंत भरण्याइतकी वीज घेतली की एक सायकल धरतात. रोज थोडी थोडी भरली तर ती बेरीज होऊन एक सायकल होते. साधी लिथियम-आयन बॅटरीही हजारेक सायकल सहज काढते. गाडी एका पूर्ण चार्जमध्ये प्रत्यक्षात २५० किलोमीटर चालत असेल तर हे अडीच लाख किलोमीटर झाले. मानेवाड्याहून मिहानला रोज जाऊन-येऊन आणि सुट्टीत रामटेक करून वर्षाला १२-१५ हजारांपेक्षा जास्त होत नाहीत. म्हणजे किलोमीटर संपायच्या कितीतरी आधी बॅटरी वयाने थकेल, आणि हे वय उन्हात लवकर वाढतं.

जिओटॅब या कंपनीने हजारो गाड्यांच्या नोंदींवरून २०२४ मध्ये सरासरी काढली होती: वर्षाला १.८ टक्के क्षमता घटते. ही सरासरी आहे, आणि उष्ण भागात घट जास्त होते. अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्सला २०१२ मध्ये निसान लीफच्या मालकांनी हेच अनुभवलं. त्या गाडीच्या बॅटरीला द्रवाने थंड करण्याची सोय नव्हती. म्हणून गाडी घेताना शोरूममध्ये ‘बॅटरीला लिक्विड कूलिंग आहे का’ हे विचाराच.

बॅटरी एलएफपी की एनएमसी, ते पाहा

एलएफपी (लिथियम, लोह आणि फॉस्फेटची) आणि एनएमसी (निकेल, मँगनीज आणि कोबाल्टची) हे लिथियम-आयन बॅटरीचे दोन प्रकार. एलएफपी जास्त सायकल टिकते आणि उष्णता बरी सोसते. एनएमसी त्याच वजनात जास्त वीज साठवते, पण तिला जपावं लागतं. एनएमसी असेल तर रोज ८० टक्क्यांवर थांबा आणि बाहेरगावी जायचं असेल तेव्हाच पूर्ण भरा. एलएफपीमध्ये व्होल्टेज बराच काळ जवळपास सारखं राहतं, त्यामुळे किती चार्ज उरला हे गाडीला नीट कळत नाही. म्हणून अशी गाडी अधूनमधून १०० टक्के भरायला कंपन्या सांगतात. किती दिवसांनी भरायची, ते तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत असतं.

मार्च ते जून वेगळं वेळापत्रक ठेवा

खरं जपायचं ते या चार महिन्यांत. सेलच्या आत ग्रॅफाइटवर एक पातळ थर हळूहळू जाड होत जातो आणि त्यात लिथियम अडकून कायमचं वाया जातं. तापमान वाढलं की हा थर लवकर वाढतो, चार्ज शंभराजवळ असेल तर आणखी लवकर. त्यामुळे पूर्ण भरलेली गाडी ४५ अंशांत दिवसभर उन्हात उभी राहणं, ही बॅटरीसाठी सगळ्यांत वाईट गोष्ट.

दुपारी चारला ऑफिसमधून घरी आलात, तर लगेच प्लग लावू नका. खालून डांबर तापलेलं आणि वरून ऊन, अशा वेळी बॅटरीही तापलेली असते. गाडी पोर्चमध्ये किंवा कडुलिंबाखाली लावा. रात्री जेवणं आटोपून कूलर सुरू झाले की चार्जिंगला लावा, किंवा गाडीच्या अ‍ॅपमध्ये अशी वेळ टाका की चार्जिंग पहाटे, निघायच्या तासभर आधी संपेल. घरचा १५ अँपियरचा सॉकेट रात्रभरात रोजच्या फिरण्यापुरता चार्ज आरामात देतो. अर्थिंग मात्र इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, त्यात हयगय नको.

सुट्ट्यांत पोरांना घेऊन गावी जाणार असाल आणि गाडी इथेच राहणार असेल, तर ती ५० टक्क्यांच्या आसपास, सावलीत ठेवून जा. नवतप्यात तर हे विसरूच नका.

मे महिन्यात रेंज कमी दिसते ती मुख्यतः एसीमुळे. त्यावरून बॅटरी गेली असं समजू नका.

समृद्धीवर फास्ट चार्जिंग बेताने करा

समृद्धी महामार्गावर १२० च्या वेगाने भर दुपारी आलात की बॅटरी आधीच गरम असते. त्यात डीसी, म्हणजे फास्ट चार्जर लावला की ती आणखी तापते. सकाळी लवकर निघा, वेग ९०-१०० ठेवा आणि ८० टक्क्यांवर प्लग काढा. त्यापुढे चार्जिंग तसंही मंदावतं. प्रवासात फास्ट चार्जर वापरायला काहीच हरकत नाही, पण घरी सोय असताना रोज तोच वापरू नका.

वर्षातून एकदा क्षमता मोजा

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, एसी लागत नाही तेव्हा हे करा. गाडी १०० टक्के भरा, ट्रिप मीटर शून्य करा आणि २० टक्क्यांपर्यंत नेहमीसारखी चालवा. समजा २०० किलोमीटर झाले आणि सरासरी किलोवॉट-तासाला (वीजबिलातल्या एका युनिटला) ८ किलोमीटर दिसते. म्हणजे २५ किलोवॉट-तास खर्च झाले. ८० टक्क्यांत २५, तर पूर्ण बॅटरीत ३१ च्या आसपास. हा आकडा डायरीत लिहा आणि पुढच्या वर्षी याच महिन्यात, त्याच रस्त्यांवर पुन्हा काढा. आकडा थोडाफार इकडेतिकडे होईल, पण दोन-तीन वर्षांत कल कळतो. घट जास्त वाटली तर सर्व्हिस सेंटरमधून एसओएच, म्हणजे बॅटरीच्या तब्येतीचा रिपोर्ट, लेखी घ्या. सर्व्हिसिंगच्या वेळी कूलंटची पातळीही पाहायला सांगा.

गाडी एकदम बंदच पडली तर आधी १२ व्होल्टची छोटी बॅटरी तपासा. ती उन्हात काही वर्षांतच जाते आणि ती बदलायचा खर्च काही हजारांचाच असतो.

वॉरंटीचा कागद वाचा

बहुतेक गाड्यांना ८ वर्षं किंवा दीड-एक लाख किलोमीटर, यातलं जे आधी होईल ते, अशी वॉरंटी असते. क्षमता घटल्याची तक्रार असेल, तर क्षमता ठरावीक मर्यादेखाली, बहुधा ७० टक्क्यांखाली, गेली तरच ती लागू होते. आजीवन वॉरंटी असेल तर ती फक्त पहिल्या मालकाला आहे का, ते बघा. जुनी इलेक्ट्रिक कार घेणाऱ्यांचं इथेच नुकसान होतं: वॉरंटी आपल्या नावावर होते की नाही हे विचारलेलंच नसतं. एसओएच रिपोर्ट आणि सगळ्या सर्व्हिसिंगच्या नोंदी हातात आल्याशिवाय बयाणा देऊ नका.