झुरिकमध्ये मित्रांसोबत एक दिवस: पाणी आणि जेवणाचा खर्च वाचवा

झुरिकच्या तळ्याकाठी दिवसभर रमतगमत फिरायचं तर खिसा रिकामा होतो तो पाणी आणि जेवणावर. हॉटेलात साध्या पाण्याच्या बाटलीलाही काही फ्रँक पडतात. चार-पाच जण असलो की ते चांगलंच जाणवतं.

१. प्रत्येकाने घरूनच रिकामी बाटली घ्यावी. शहरात १२०० हून अधिक कारंजी आहेत आणि त्यांचं पाणी पिण्याजोगं असतं. धारेखाली बाटली धरायची, हौदात बुडवायची नाही. पाणी छान गार असतं, विकतच्या पाण्याची आठवणही येत नाही.

२. जेवण सुपरमार्केटातून घ्या: पाव, चीज, फळं. मग लिंडेनहोफच्या टेकडीवर झाडांच्या सावलीत बसा, खाली लिमात नदी दिसते. पोहायचं असेल तर मात्र तळ्याकाठचं झुरिकहॉर्नचं हिरवळीचं मैदान बरं.

३. रविवारी गावातली बहुतेक दुकानं बंद असतात. मुख्य रेल्वे स्टेशनातली उघडी असतात, तेव्हा गाडीतून उतरल्या उतरल्या खरेदी उरकून घ्या.

एक जपा: कारंज्यावर ‘काइन ट्रिंकवासर’ अशी पाटी दिसली, तर ते पाणी पिण्याचं नाही.