ऑनलाइन आणि हायब्रिड कोर्स तयार करताना या चुका टाळा

लेक्चर रेकॉर्ड केलं, पीपीटी अपलोड केली, झाला ऑनलाइन कोर्स! बहुतेक भानगडी इथूनच सुरू होतात. वर्गात चेहरे बघून कळतं की गाडी कुठे अडली. मग आपण तोंडी सावरून घेतो. ऑनलाइन ती सोय नाही. तिथे सगळं आधी लिहून, मांडून ठेवावं लागतं.

स्कॅन केलेली पीडीएफ

सर्वांत जास्त त्रास देणारी आणि सर्वांत सहज होणारी चूक. फाइल उघडा आणि कर्सरने एखादी ओळ सिलेक्ट करून बघा. होत नसेल, तर कॉम्प्युटरच्या लेखी तो मजकूर नसून नुसता फोटो आहे. एनव्हीडीए किंवा टॉकबॅकसारख्या स्क्रीन रीडरच्या (अंध विद्यार्थ्यांना मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) हाती त्यातून फारसं काही लागत नाही. डोळस विद्यार्थ्यालाही त्यात शब्द शोधता येत नाही आणि मोबाइलवर पान डावीउजवीकडे सरकवत वाचावं लागतं.

ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर बनवणं, करून घ्या, पण नंतर एकदा डोळ्यांखालून घाला. जोडाक्षरांचा हमखास चुराडा होतो. मराठी नोट्स जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असतील तर आणखी एक घोळ असतो. दिसायला सगळं ठीक, पण कॉपी करून दुसरीकडे पेस्ट केलं की अगम्य रोमन अक्षरं उमटतात. स्क्रीन रीडरही तेच वाचतो. मूळ वर्ड फाइल हाताशी असेल तर सरळ तीच द्या, आणि शीर्षकांना हेडिंग स्टाइल लावा. नुसतं बोल्ड करून अक्षर मोठं केलं की ते हेडिंग होत नाही. स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला मग एका भागातून दुसऱ्या भागात थेट जाता येत नाही.

‘लाल रंगातले प्रश्न अनिवार्य’

ज्याला लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही, त्याने काय करायचं? रंगासोबत शब्दही लिहा. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं मोहक दिसतात खरी, पण डब्ल्यूसीएजीच्या (वेबवरचा मजकूर सर्वांना वापरता यावा यासाठीच्या आंतरराष्ट्रीय निकषांच्या) एए पातळीला साध्या मजकुरासाठी किमान 4.5:1 आणि मोठ्या अक्षरांसाठी 3:1 कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमीच्या उजळपणातला फरक, लागतो. तो तपासणारी साधनं फुकट मिळतात.

तासाभराचा व्हिडिओ

एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या व्यासपीठावरच्या व्हिडिओंचा एक अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. व्हिडिओ कितीही लांबीचा असो, पाहण्याच्या वेळेचा मध्यक 6 मिनिटांपलीकडे गेला नव्हता. पण म्हणून घड्याळ लावून तुकडे पाडू नका. एक मुद्दा संपला की कापा. आपोआप तयार होणाऱ्या कॅप्शनवर भिस्त ठेवू नका. ती नेमकी पारिभाषिक शब्दांवर आणि विशेषनामांवर अडखळतात, म्हणजे परीक्षेत जे लागतं तिथेच. आणि ‘हे इथे बघा’ असं म्हणत बाण फिरवण्याऐवजी ‘दुसऱ्या ओळीतला छेद बघा’ म्हणा.

हायब्रिड वर्गातला माइक

काही विद्यार्थी वर्गात, काही घरून ऑनलाइन. मागच्या बाकावरून प्रश्न येतो, शिक्षक म्हणतात, ‘अगदी बरोबर, पण उलट केलं तर?’ घरी बसलेल्याला प्रश्नच ऐकू आलेला नसतो. उत्तर देण्याआधी प्रश्न माइकवर पुन्हा सांगा. ही सवय लावली तर अर्ध्या तक्रारी मिटतात, महागड्या कॅमेऱ्याने मिटत नाहीत. चॅटकडे लक्ष ठेवायला दर तासाला एका विद्यार्थ्याला नेमा. शिकवता शिकवता ते तुम्हाला जमणार नाही.

हायब्रिडमध्ये आणखी एक लपलेली चूक असते. वर्गातलं काहीच कमी न करता वर ऑनलाइन कामं चढवायची. विद्यार्थ्यावर दीड कोर्सचा बोजा पडतो आणि मग कामं वेळेवर येत नाहीत म्हणून आपणच ओरडतो. नवीन काम घालताना जुनं कोणतं काढलं, ते आधी ठरवा.

काही नेहमीच्या तक्रारी

चर्चेत कुणीच लिहीत नाही? बहुधा प्रश्नाला एकच बरोबर उत्तर आहे. पहिल्याने ते दिलं की बाकीचे काय लिहिणार!

क्विझमध्ये वेळ संपते? ज्यांना जादा वेळ मंजूर आहे, त्यांची सेटिंग परीक्षेच्या आधीच करा. शिवाय माउस बाजूला ठेवून फक्त कीबोर्ड (टॅब, बाणांच्या कळा, स्पेस आणि एंटर) वापरून क्विझ स्वतः सोडवून बघा. ड्रॅग करून जोड्या लावायचा प्रश्न बऱ्याचदा इथेच अडकतो.

‘सर, शेवटची तारीख कोणती?’ असे मेल थांबत नसतील, तर तारीख पीडीएफमध्ये एक, कॅलेंडरवर दुसरी आणि घोषणेत तिसरी तर नाही ना, ते बघा. एकाच जागी ठेवा, बाकी ठिकाणी तिची लिंक द्या. त्या लिंकवर ‘येथे क्लिक करा’ असं न लिहिता ‘सर्व असाइनमेंटच्या तारखा’ असं लिहा.