एका वर्षाच्या मास्टर्समध्ये विद्यार्थ्यांच्या थिंक टँकमध्ये शिरायचं तर

ब्रिटनमध्ये मास्टर्स बहुधा एकाच वर्षाचं असतं, आणि घोळ तिथेच होतो. केंब्रिजची विल्बरफोर्स सोसायटी किंवा लंडनच्या किंग्ज कॉलेजातला किंग्ज थिंक टँक हे थिंक टँक, म्हणजे सरकारी धोरणांचा अभ्यास करून शिफारशी मांडणारी मंडळं, विद्यार्थीच चालवतात. अशा मंडळांच्या निवडणुका साधारण वसंतात होतात आणि निवडून आलेले पुढच्या वर्षाचा कारभार बघतात. त्यांचं वर्ष सुरू होईतो तुमचा प्रबंध जमा झालेला असतो. तेव्हा पदाचा नाद सोडा, लेखक किंवा संशोधक म्हणून शिरा.

सत्राच्या सुरुवातीला फ्रेशर्स फेअरमध्ये, म्हणजे विद्यार्थी मंडळं नवे सभासद नोंदवतात त्या मेळाव्यात, नुसतं नाव नि ईमेल देऊन परत येऊ नका. यंदाचे विषयगट कोणते, लेखकांची निवड कधी, आणि गेल्या वर्षीचा धोरणावरचा पेपर नेमका कोणाकडे पाठवला, एवढं विचारा. शेवटच्या प्रश्नावर समोरचा चाचपडला, तर मंडळ पाहुण्यांची भाषणं भरवण्यापुरतं आहे असं समजा. ओळखी होतील, धोरणलेखन शिकायला मिळणार नाही.

अर्जासोबत एका पानाचा प्रस्ताव जोडा, मागितला नसला तरी. बहुतेक प्रस्ताव पडतात ते विषय अवाढव्य असल्यामुळे. ‘लंडनमधली घरभाडी’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. ‘अमुक कौन्सिलने परवानाधारक एचएमओ घरांची गेल्या वर्षी किती वेळा तपासणी केली आणि ती वाढवायची तर काय लागेल?’ हा प्रश्न. (कौन्सिल म्हणजे तिथली स्थानिक पालिका. एचएमओ म्हणजे वेगवेगळ्या कुटुंबांतले भाडेकरू स्वयंपाकघर किंवा बाथरूम वाटून घेतात ते घर, तुम्ही बहुधा अशाच घरात राहत असाल.) शिफारस ज्याच्या अखत्यारीत येते त्या एकाच कार्यालयाचं नाव प्रस्तावात हवं.

आकडे आधी हाउस ऑफ कॉमन्स लायब्ररीच्या, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या ग्रंथालयाच्या, टिपणांत शोधा. तिथे नसतील तर फ्रीडम ऑफ इन्फर्मेशन अ‍ॅक्ट, २००० खाली ईमेलने विचारा. आपल्याकडच्या माहिती अधिकारासारखं अर्जाचं शुल्क इथे नाही. उत्तराची मुदत कामकाजाचे २० दिवस, म्हणजे जवळपास महिना. त्यामुळे अर्ज ऑक्टोबरातच गेला पाहिजे. माहिती शोधायला ४५० पौंडांहून, म्हणजे ताशी २५ पौंडांनी १८ तासांहून, जास्त खर्च येणार असेल तर कौन्सिल नकार देऊ शकते. ‘सगळा पत्रव्यवहार द्या’ म्हटलं की हेच कारण हाती येतं. एक आर्थिक वर्ष, दोन-तीन आकडे, तक्त्यात, एवढंच मागा.

पेपरचा सर्वांत चांगला उपयोग संसदीय समितीपुढे होतो. समित्या चौकशी सुरू करताना लेखी निवेदनं मागवतात आणि ती कोणीही देऊ शकतं. सुरुवातीला सारांश, परिच्छेदांना क्रमांक, शब्द सहसा ३,००० च्या आत. इथे उत्साही संपादक हमखास चुकतात: पेपर आधी मंडळाच्या जर्नलमध्ये छापतात. पूर्वी प्रसिद्ध झालेला मजकूर समित्या सहसा निवेदन म्हणून घेत नाहीत. आधी समितीकडे पाठवा, तिने प्रसिद्ध केल्यावरच छापा.

मसुदा डिसेंबरच्या सुट्टीआधी संपादकाच्या हाती द्या. जानेवारीत परीक्षा नि निबंध आले की सहलेखक गायब होतात. आणि या ओळखींतून बिनपगारी इंटर्नशिप चालून आली, तर स्टुडंट व्हिसावर सत्रकाळात आठवड्याला २० तासांची जी मर्यादा असते, तिच्यात हे तासही धरले जातात.