लोकसभेत सरकारला जाब विचारताना या चुका टाळा

विरोधी बाकावरचा खासदार तावातावाने प्रश्न विचारतो, मंत्री दोन वाक्यांत उत्तर देऊन खाली बसतात आणि विषय तिथेच संपतो. यात मंत्र्यांची हुशारी थोडी असते. बहुतेक वेळा निसटायची वाट प्रश्नातच राहून गेलेली असते. पहिल्यांदा निवडून आलेले खासदार, त्यांचे स्वीय सहाय्यक आणि मतदारसंघातून त्यांना माहिती पुरवणारे कार्यकर्ते यांच्याकडून नेमके काय चुकते आणि ते कसे टाळायचे, ते इथे दिले आहे.

"हे खरे आहे काय?" असा प्रश्न

सर्वात जास्त नुकसान करणारी चूक हीच. पीक विम्याचे उदाहरण घ्या. कच्चा मसुदा साधारण असा येतो: "महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना विम्याची भरपाई वेळेवर मिळत नाही, हे खरे आहे काय, असल्यास, दोषी कंपन्यांवर सरकारने काय कारवाई केली?" यावर मंत्रालय "जी नाही" एवढेच लिहिते आणि पुढच्या भागांना "प्रश्न उद्भवत नाही". पहिल्या भागाला नकार मिळाला की त्यावर उभे केलेले सगळे भाग एकदम कोसळतात. शिवाय "वेळेवर" म्हणजे किती दिवसांत, हे सांगितलेले नसल्याने तो नकार खोटा ठरवणेही अवघड जाते.

हाच प्रश्न असा विचारा: (क) खरीप 2023 आणि खरीप 2024 या हंगामांत महाराष्ट्रात जिल्हानिहाय व कंपनीनिहाय किती दावे दाखल झाले, किती निकाली निघाले आणि किती रकमेचे प्रलंबित आहेत, (ख) प्रलंबित रकमेपैकी केंद्राचा हप्ता, राज्याचा हप्ता आणि पीक कापणी प्रयोगाच्या आकड्यांवरचा वाद यांमुळे प्रत्येकी किती अडकली आहे, (ग) उशिराबद्दल कोणत्या कंपनीकडून किती व्याज वसूल केले. इथे प्रत्येक भाग स्वतःच्या पायावर उभा आहे, नुसत्या "नाही"वर भागत नाही. (ख) मुद्दाम घातला आहे. योजना राबवण्याचे काम राज्याचे, असे सांगून केंद्राला हात झटकता येतात. केंद्राच्या हप्त्याचा आकडा विचारला की ती सबब चालत नाही.

विशेषणे गाळा. लोकसभेच्या कामकाज नियमावलीतल्या नियम 41 नुसार प्रश्नात युक्तिवाद, आरोप, उपरोध किंवा मत असेल तर तो नाकारला जातो. न्यायालयात असलेला विषय आणि सहज मिळणाऱ्या कागदपत्रांत आधीच छापलेली माहितीही चालत नाही. प्रश्न 150 शब्दांच्या आत ठेवा. "निष्क्रिय सरकार" हे दोन शब्द भाषणात शोभतील, प्रश्नात त्यांच्यामुळे अख्खी सूचना बाद होऊ शकते.

तारांकितच्या मागे धावणे

तारांकित प्रश्नाला तोंडी उत्तर मिळते आणि उपप्रश्न विचारता येतात, म्हणून सगळ्यांना तोच हवा असतो. पण दिवसाला तारांकित प्रश्न फक्त 20, तेही चिठ्ठ्या टाकून ठरतात, आणि प्रश्नोत्तराच्या तासाभरात त्यातले पहिले काही मोजकेच पुकारले जातात. यादीत बाराव्या क्रमांकावर असाल तर त्या दिवशी बोलायला मिळेल हे धरून चालू नका. अतारांकित, म्हणजे फक्त लेखी उत्तराचे प्रश्न दिवसाला 230 येतात. जिल्हानिहाय तक्ते आणि वर्षवार खर्च खरे तर तिथेच मागायचे असतात. एका सदस्याचे एका दिवशी जास्तीत जास्त पाच प्रश्न यादीत येतात, त्यात तारांकित एकच. म्हणून आधीच्या अधिवेशनात अतारांकितमधून आकडे मिळवा आणि पुढच्या अधिवेशनात त्याच आकड्यांवर तारांकित टाका. ही जोडी फार कमी कार्यालये जमवतात.

सूचना किमान 15 पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. मंत्रालयांचे आठवड्याचे वार ठरलेले असतात. खते रसायन व खते मंत्रालयाकडे येतात. तो प्रश्न कृषीच्या नावाने दिला तर तो दुसरीकडे वर्ग होतो आणि धरलेली तारीख हातची जाते.

उपप्रश्नात भाषण

तारांकित उत्तराची प्रत तास सुरू होण्याआधी मिळते. तीच न वाचता सभागृहात जाणारे कमी नाहीत. ती वाचा, परिशिष्टातला तक्ता पाहा, आकड्यांची बेरीज स्वतः करा. मूळ प्रश्नकर्त्याला साधारण दोन उपप्रश्न मिळतात. त्यातल्या पहिल्यातच मतदारसंघाचा इतिहास, पक्षाची भूमिका आणि चार वेगवेगळे प्रश्न कोंबले, की मंत्री त्यातला सर्वात सोपा उचलतात. एका उपप्रश्नात एकच गोष्ट मागा, शक्यतो तारीख किंवा आकडा. "परिशिष्टात बीड जिल्ह्यासमोर शून्य आहे. तिथे एकही दावा आला नाही, की आलेले मोजले नाहीत?" एवढे पुरते.

एका उत्तरावर थांबू नका. 1957 मध्ये आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांच्या शेअरमध्ये पैसे गुंतवल्याचे प्रकरण सप्टेंबरच्या प्रश्नापासून डिसेंबरच्या चर्चेपर्यंत लोकसभेत लावून धरले गेले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांची चौकशी बसली आणि 1958 मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. हे प्रकरण लावून धरणारे फिरोज गांधी सत्ताधारी बाकावरचे होते. कागद हाताशी ठेवून पाठपुरावा करण्याची त्यांची पद्धत मात्र विरोधी सदस्यांनी जरूर अभ्यासावी.

चुकीचे हत्यार

विधानसभेतून दिल्लीला गेलेल्यांची नेहमीची गफलत लक्षवेधीची, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणाऱ्या सूचनेची. मुंबईत नियम 105 खाली एका दिवसात अनेक लक्षवेधी लागतात. लोकसभेत ती नियम 197 खाली येते आणि एका बैठकीत साधारण एकच घेतली जाते. मंत्री निवेदन करतात, यादीतले सदस्य स्पष्टीकरणाचा एकेक प्रश्न विचारतात, चर्चा होत नाही.

ठरलेले कामकाज थांबवून चर्चा मागणाऱ्या स्थगन प्रस्तावाची सूचना त्याच दिवशी सकाळी 10 च्या आत द्यावी लागते. विषय एकच, नेमका, ताजा आणि तातडीचा हवा. परवानगीला हरकत आली तर 50 सदस्य उभे राहावे लागतात. "महागाई" हा विषय कितीही खरा असला तरी ताजी घटना नव्हे, म्हणून सूचना फेटाळली जाते. तो नियम 193 च्या अल्पकालीन चर्चेत न्या. तिथे मतदान नसते, हे आधीच धरून चाला. मतदान हवे असेल तर नियम 184.

जुलै 2023 मध्ये मणिपूरमधील हिंसाचारावर कोणत्या नियमाखाली बोलायचे, यावरच कामकाज अडून राहिले होते. मग काँग्रेसचे गौरव गोगोई यांनी नियम 198 खाली अविश्वास प्रस्ताव आणला. त्यालाही 50 सदस्यांचा पाठिंबा लागतो, तो मिळाला. 8 ते 10 ऑगस्ट असे तीन दिवस चर्चा चालली आणि पंतप्रधानांनी सभागृहात उत्तर दिले. प्रस्ताव आवाजी मतदानाने पडला, तो पडणार हे सगळ्यांना माहीत होते. पण पंतप्रधानांना सभागृहात उत्तर द्यायला लावायचे, हा हेतू साधला. पुण्यात जन्मलेले आणि बिहारमधून निवडून गेलेले मधू लिमये नियमांवरच्या अशाच पकडीसाठी ओळखले जात.

अर्थसंकल्पात कपात सूचना, म्हणजे मंत्रालयाने मागितलेली रक्कम (मागणी) कमी करण्याची सूचना देताना तिन्ही प्रकारांची गल्लत होते. धोरणच अमान्य असेल तर मागणी 1 रुपयावर आणायची, ठरावीक उधळपट्टी दाखवायची असेल तर तेवढी रक्कम कमी करायची, एखादी तक्रार मांडायची असेल तर 100 रुपयांची कपात. ज्या मंत्रालयाची मागणी चर्चेविनाच गिलोटिनखाली, म्हणजे वेळ संपल्यावर उरलेल्या मागण्यांबरोबर एकगठ्ठा मंजूर होणार आहे, तिच्यावर रात्र जागवू नका.

नोटीस न देता आरोप

मंत्र्यावर किंवा कोणत्याही व्यक्तीवर बदनामीकारक आरोप करायचा असेल तर नियम 353 नुसार अध्यक्षांना आणि संबंधित मंत्र्यांना पुरेशी आधी सूचना द्यावी लागते. ती नसेल तर आरोप खरा असूनही बोलूच दिले जात नाही, किंवा नियम 380 खाली शब्द कामकाजातून काढले जातात. कागद दाखवणार असाल तर स्वतःच्या सहीने प्रमाणित करून पटलावर ठेवण्याची तयारी हवी. न्यायाधीशांच्या वर्तनावर तर महाभियोगाखेरीज बोलायला घटनेचेच कलम 121 आड येते. आणि कलम 105 चे संरक्षण सभागृहातल्या बोलण्याला आहे. तेच वाक्य बाहेर कॅमेऱ्यासमोर उच्चारले तर बदनामीचा खटला होऊ शकतो.

वेलमध्ये उतरण्याचा हिशेब न करणे

वेल म्हणजे अध्यक्षांच्या आसनासमोरची मोकळी जागा. निषेधासाठी तिथे उतरण्यावाचून कधी कधी दुसरा मार्गच ठेवलेला नसतो, हे मान्य आहे. पण किंमत माहीत असू द्या. नियम 374 अ खाली सलग पाच बैठका किंवा उरलेले अधिवेशन, यातले जे कमी असेल तेवढे निलंबन आपोआप होते. डिसेंबर 2023 मध्ये दोन्ही सभागृहांतले 146 खासदार निलंबित झाले, तेव्हा लोकसभेतल्या निलंबितांचे प्रश्नही यादीतून गेले. तुमचा महत्त्वाचा तारांकित गुरुवारी लागलेला असेल तर बुधवारी काय करायचे, हे आदल्या रात्री ठरवा.

विधेयकावर आवाजी मतदान झाले की मतविभागणी, म्हणजे प्रत्यक्ष मते मोजणे, त्याच क्षणी मागावी लागते. लॉबी रिकाम्या केल्या जातात आणि 3 मिनिटे 30 सेकंदांनी प्रश्न पुन्हा मतास टाकला जातो. तेवढ्या वेळात आपले सदस्य कँटीनमधून परत आले पाहिजेत.

उत्तर मिळाल्यावर फाइल बंद करणे

"माहिती गोळा केली जात असून पटलावर ठेवली जाईल" किंवा "विचाराधीन आहे" अशी उत्तरे वाचून खासदार निराश होतात. ही वाक्ये सहसा आश्वासन म्हणून नोंदवली जातात आणि ते तीन महिन्यांत पूर्ण करणे अपेक्षित असते. नाही झाले तर सरकारी आश्वासनांसंबंधीच्या समितीकडे लिहा. उत्तरातला आकडा चुकीचा असेल तर अध्यक्षांच्या निर्देश 115 खाली पुराव्यासह पत्र द्या. उत्तर अपुरे असेल तर नियम 55 खाली अर्ध्या तासाची चर्चा मागा, तीन दिवस आधी आणि कारणांच्या टिपणासह.

यासाठी कार्यालयात एक साधी वही पुरते: प्रश्न क्रमांक, तारीख, मंत्र्यांचे नेमके वाक्य, तीन महिने पुरे होण्याची तारीख, पुढे काय केले. चौथा रकाना दर सोमवारी सकाळी पाहायचा, आणि ज्या ओळीची तारीख उलटली असेल तिचे पत्र त्याच दिवशी पाठवायचे.