ताप, आजार आणि व्यायामात नाडी कशी मोजावी व कशी वाचावी

प्रौढ माणसाची विश्रांतीतील नाडी मिनिटाला ६० ते १०० असते, असे सांगितले जाते. परंतु एरवी ज्याचे ठोके ६२ असतात त्याची नाडी बसल्या जागी ९५ झाली, तर ती मर्यादेत असूनही त्याच्या दृष्टीने वाढलेलीच असते. म्हणून प्रकृती बरी असतानाच आपली नेहमीची नाडी मोजून लिहून ठेवावी. सकाळी, चहा किंवा तंबाखू घेण्यापूर्वी, पाच मिनिटे शांत बसावे आणि अंगठ्याच्या मुळाखाली, मनगटाच्या आतल्या बाजूस, तर्जनी व मधले बोट हलकेच टेकवावे. अंगठ्याने नाडी पाहू नये, कारण त्याचा स्वतःचा ठोका जाणवून मोजणी चुकते. ३० सेकंद मोजून दुप्पट केली तरी चालते; ठोके अनियमित लागत असतील, तर मात्र पूर्ण मिनिट मोजावे.

तापात नाडी आणि थर्मामीटर यांची नोंद एकाच वेळी घ्यावी. शरीराचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की नाडी साधारण आठ ते दहा ठोक्यांनी वाढते. म्हणजे ज्याची नाडी एरवी ७२ असते, त्याला १०२ अंश फॅरनहाइट ताप असताना ती ९०च्या आसपास जाणे अपेक्षितच आहे. हे प्रमाण बिघडले की नोंदीचा खरा उपयोग होतो. टायफॉइडमध्ये ताप बराच चढूनही नाडी कधी कधी त्या मानाने संथ राहते, आणि ही गोष्ट डॉक्टरांना अवश्य सांगावी. डेंग्यूमध्ये धोका उलट बाजूने येतो: ताप उतरला म्हणून घरचे निर्धास्त होतात, नेमक्या त्याच दिवसांत नाडी जलद व क्षीण होऊन हातपाय गार पडले, तर रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे.

ताप नसताना नाडी सतत जलद राहत असेल, तर रक्तक्षय, थायरॉइडची अतिक्रियाशीलता, शरीरातील पाणी कमी होणे किंवा दम्याच्या पंपातील साल्ब्युटामॉलसारखे औषध, ही कारणे तपासण्याजोगी असतात. थायरॉइड मंदावल्यास, तसेच रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांमध्ये, ती संथ होते. नियमित धावणाऱ्याची नाडी ५० असणे हा बहुधा सरावाचा परिणाम असतो. तोच आकडा चक्कर येणाऱ्या वृद्धाच्या मनगटावर मिळाला, तर ईसीजी काढून घ्यावा. छातीत दुखणे, धाप लागणे किंवा शुद्ध हरपणे यांपैकी काही असेल, तर आकडा मोजत बसू नये.

व्यायामात नाडी वाढायलाच हवी. २२० मधून वय वजा केले की कमाल नाडीचा ढोबळ अंदाज मिळतो, आणि तो ढोबळच मानावा. चाळीस वर्षांच्या व्यक्तीसाठी तो १८० येतो. मध्यम व्यायामात त्याच्या ५० ते ७० टक्के, म्हणजे ९० ते १२६ ठोके, पुरेसे होतात. थांबल्यावर लगेच एकदा आणि मिनिटभराने पुन्हा नाडी मोजावी: सराव वाढतो तशी ती अधिक वेगाने खाली येऊ लागते. बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांना मात्र हे गणित लागू पडत नाही, कारण औषध नाडीला फारशी वर जाऊ देत नाही. त्यांनी चालताना बोलता येते पण गाता येत नाही, इतपत वेग ठेवावा.