पोरांना समुद्रावर नेऊन रामन आणि हेबर कसे शिकवायचे

मोठ्या शास्त्रज्ञाला सौंदर्यदृष्टी आणि नीती लागते का, असं वर्गात विचारलं की पोरं एका सुरात "हो सर" म्हणून मोकळी होतात. म्हणून मी नववीला हर्णैला कनकदुर्गाच्या कातळावर नेतो.

जायचं थंडीत, पावसाळ्यात पाणी गढूळ असतं. पोलरॉईड गॉगल कुणाकडून तरी मागून घ्या, नुसती काळी काच चालत नाही. सूर्याकडे अजिबात बघू द्यायचं नाही. पाण्याकडे तिरपं बघायचं, उभ्या रेषेपासून साधारण ५३ अंशात, आणि गॉगल डोळ्यासमोर हळूहळू फिरवत राहायचा. एका जागी चकाकी एकदम उतरते, म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब जातं, तरी पाण्याचा स्वतःचा रंग राहतोच! १९२१ मध्ये बोटीवरून रामननी निकोल प्रिझममधून, म्हणजे या गॉगलसारखंच काम करणाऱ्या स्फटिकातून, हेच बघितलं, भूमध्य समुद्राच्या निळाईनं ते भारावले होते आणि हा रंग नुसता आकाशाचा आहे हे इंग्रज शास्त्रज्ञ रेलेचं म्हणणं त्यांना पटेना, तिथून प्रकाशाच्या विखुरण्याचा नाद लागला तो २८ फेब्रुवारी १९२८ च्या रामन परिणामाच्या शोधापर्यंत. इथे घाई नको, पाच मिनिटं पोरांना गप्प बघू दे.

मग वही. आपल्याकडे किनाऱ्याजवळ रंग बहुतेक हिरवट दिसतो, तर हिरवटच लिहायचं, पुस्तकात निळा आहे म्हणून निळा नाही. माझ्या मते शास्त्रज्ञाची नीती इथनंच सुरू होते.

अवघड भाग दुसऱ्या दिवशी. भातासाठी आणलेली युरियाची रिकामी गोण वर्गात न्या, ४६ टक्के नायट्रोजन हा आकडा वाचायला लावा. युरिया ज्या अमोनियापासून होतो तो हवेतल्या नायट्रोजनपासून बनवायची रीत जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हेबरची, आणि पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममधल्या ईप्रला सैनिकांवर क्लोरीन हा विषारी वायू सोडला गेला तो पण त्याच्याच देखरेखीखाली. तरी १९१८ चं नोबेल त्यालाच. म्हणजे नीती सुटली तरी मोठा शोध लागू शकतो, हे पोरांपासून लपवू नका, मला स्वतःला हे सांगताना दरवेळी जड जातं. लगेच भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ रोटब्लाटची गोष्ट सांगा: जर्मनी बॉम्ब बनवत नाहीये हे कळल्यावर १९४४ च्या शेवटी तो अमेरिकेचा अणुबॉम्ब प्रकल्प सोडून निघाला.

मग विचारा, तुम्ही तिथे असता तर काय केलं असतं? उत्तर तुम्ही देऊ नका, तास संपला तरी चालेल.