इटालियन क्रियापदं चालवायची कशी? मराठी डोकं वापरून!

इटालियन शिकायला घेतलं की पहिले पंधरा दिवस मस्त जातात, बोनजोर्नो वगैरे, मग एक दिवस पुस्तकाच्या मागचं पान उघडतं आणि तिथे एकाच क्रियापदाची रूपं पानभर पसरलेली दिसतात. मोजलं तर सगळे मूड (म्हणजे विधान, आज्ञा, इच्छा, जर-तर अशा क्रियापद वापरायच्या तऱ्हा) आणि त्यांचे काळ मिळून २१ रकाने होतात. मी तो सगळा तक्ता शाळेत संस्कृतचं गच्छति गच्छतः गच्छन्ति केलं तसा पाठ केला होता, आणि तरी तोंड उघडलं की एक वाक्य नीट येत नव्हतं. म्हणून हे लिहितेय, कारण नंतर कळलं की यातलं बरंचसं आपल्याला मराठीतून आधीच येतं, फक्त इंग्रजीतून शिकवलं की ते दिसत नाही.

आधी २१ ची भीती घालवू. त्यातले ६ तर इन्फिनीतो ("लिहिणे" सारखं मूळ रूप), पार्तिचीप्यो ("लिहिलेलं" सारखं) आणि जेरून्द्यो ("लिहीत" सारखं) या तीन बिनपुरुषी मूडचे, त्यात मी-तू-तो चालवायचंच नसतं. राहिले १५. त्यातला एक आज्ञार्थ. उरलेल्या १४ मधले ७ साधे आणि ७ जोड, आणि जोडकाळ म्हणजे सहाय्यक क्रियापद अधिक पार्तिचीप्यो, बास. म्हणजे खरंखुरं पाठ करायचं ते ७ काळ आणि आज्ञार्थ.

आणि पुरुष चालणारे मूड किती, तर चार. आपल्या व्याकरणात क्रियापदाचे अर्थ किती? चारच! स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. इंदिकातीवो म्हणजे स्वार्थ, इम्पेरातीवो आज्ञार्थ, कोंजुन्तीवो साधारण विध्यर्थाच्या जवळचा आणि कोन्दित्स्योनाले संकेतार्थाच्या. तंतोतंत नाही जुळत, पण सुरुवातीला डोक्यात खुंट्या ठोकायला हे फार कामी येतं.

आता वर्तमानकाळ. क्रियापदं तीन घरांतली, शेवटी आरे, एरे किंवा ईरे. पार्लारे (बोलणे), स्क्रीवेरे (लिहिणे), दोर्मीरे (झोपणे). शेपूट काढायचं आणि नवीन लावायचं: पार्लो, पार्ली, पार्ला, पार्ल्यामो, पार्लाते, पार्लानो. स्क्रीवो, स्क्रीवी, स्क्रीवे, स्क्रिव्यामो, स्क्रिवेते, स्क्रीवोनो. मी ला ओ, तू ला ई, आम्ही ला यामो, हे तिन्ही घरांत सेम, म्हणजे अर्धं काम झालं. ईरे वाल्यांत एक उपद्रवी टोळी आहे ती मध्ये इस्क घुसवते, कापीरे (समजणे) चं कापिस्को, कापिशी, कापिशे, मग आम्ही-तुम्हीला गुपचूप साधं कापिआमो, कापीते, आणि शेवटी परत कापिस्कोनो. कुठलं क्रियापद या टोळीतलं ते चेहऱ्यावरून कळत नाही, नवीन ईरे शिकलात की मी चं रूप सोबत लिहूनच ठेवायचं.

पार्लानो म्हणताना जोर पहिल्या पार् वर, ला वर नाही. ही चूक जवळजवळ सगळे करतात, कारण पार्लाते मध्ये जोर ला वर असतो आणि जीभ तशीच पुढे घसरते. बाकी उच्चारात आपली मजा आहे, त आणि द आपले दंत्यच आहेत, फक्त इंग्रजीच्या सवयीने ट आणि ड करू नका. आणि मी-तू म्हणायची गरज नाही, आपण नुसतं "जातो" म्हणतो ना, तसंच नुसतं पार्लो. आदरार्थी मात्र उलटा प्रकार आहे, आपण तुम्ही म्हणून अनेकवचन वापरतो, ते लेइ म्हणून तृतीय पुरुषी एकवचन वापरतात, म्हणजे समोरच्या मोठ्या माणसाला "ती बोलते" च्या रूपात "तुम्ही बोलता".

आता भूतकाळ, आणि इथेच खरी गंमत आहे. रोजच्या बोलण्यातला भूतकाळ म्हणजे पास्सातो प्रोस्सिमो, त्यात आवेरे (जवळ असणे; मी ओ, तो आ) किंवा एस्सेरे (असणे; मी सोनो, तो ए) यातलं एक सहाय्यक लागतं आणि कुठलं लावायचं यावरून लोक महिनोन्महिने रडतात. मी सुरुवातीला एकदा ऐटीत सोनो मान्जाता म्हणाले, मला म्हणायचं होतं माझं खाऊन झालंय, पण ऐकणारीला ते "मला खाल्लं गेलंय" असं ऐकू गेलं आणि ती हसून हसून बेजार. हवं होतं ओ मान्जातो.

यावर उपाय म्हणजे शाळेतला कर्तरी-कर्मणी प्रयोग. वाक्य मराठीत भूतकाळात म्हणून बघा. "त्याने" आलं तर आवेरे. त्याने लिहिलं, आ स्क्रीत्तो. त्याने पाहिलं, आ वीस्तो. "तो" राहिला तर बहुतेक एस्सेरे. तो गेला, ए आन्दातो. तो आला, ए वेनूतो. तो पडला, ए कादूतो. आणि एस्सेरे असलं की पार्तिचीप्यो कर्त्याप्रमाणे बदलतं, ती गेली म्हणजे ए आन्दाता, ते गेले म्हणजे सोनो आन्दाती. गेला-गेली-गेले करणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागतं का?

बहुतेक म्हटलं कारण अपवाद आहेत. तो झोपला, बोलला, हसला, रडला, नाचला, चालला, पोहला, या सगळ्यांना मराठीत तो आहे पण इटालियनमध्ये आवेरे: आ दोर्मीतो, आ पार्लातो. ढोबळमानाने जागा किंवा अवस्था बदलली की एस्सेरे, नुसती हालचाल केली की आवेरे. शिकला, विसरला आणि जेवला पण आवेरेवालेच. उलट बाजूचा एक सापळा म्हणजे "त्याने हात धुतले", इथे स्वतःचे हात म्हणून सी लागतो आणि सी आला की एस्सेरे, सी ए लावातो ले मानी.

अजून एक जवळून बघण्यासारखी जागा. मी चिठ्ठी लिहिली, ओ स्क्रीत्तो ला लेत्तेरा. लेत्तेरा स्त्रीलिंगी आहे पण स्क्रीत्तो हललं नाही. आता "मी ती लिहिली" म्हणा: लो स्क्रीत्ता. इथे ला (ती) आणि ओ जुळून लो झालंय, आणि शेवट बदलून ता झाला! कर्म सर्वनाम होऊन पुढे आलं की पार्तिचीप्यो त्याच्याशी जुळतं, अगदी आपल्या "लिहिली" सारखं. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना हा नियम अचानक कुठून टपकला असं वाटतं, आपल्याला उलट आधीच्या वाक्यात का नाही जुळलं याचं नवल वाटायला पाहिजे.

पार्तिचीप्यो आतो, ऊतो, ईतो असं नियमित होतं पण रोजची सगळी क्रियापदं नेमकी वाकडी: फात्तो, देत्तो, लेत्तो, स्क्रीत्तो, वीस्तो, प्रेसो, मेस्सो, आपेर्तो, क्यूसो. ही घोकायचीच, इलाज नाही.

दुसरा भूतकाळ इम्पेर्फेत्तो: स्क्रिवेवो, स्क्रिवेवी, स्क्रिवेवा, स्क्रिवेवामो, स्क्रिवेवाते, स्क्रिवेवानो. "लिहीत होते" आणि "लिहायचे" या दोन्हींना हाच. स्क्रिवेवो क्वान्दो ए आर्रिवातो मार्को, मी लिहीत होते तेव्हा मार्को आला. सोपा आहे, एस्सेरे तेवढं एरो, एरी, एरा असं वेगळं.

इथे आपली मराठी मात्र गोत्यात आणते. आपण सरळ भूतकाळालाही होतो चिकटवतो, "काल मी तिकडे गेले होते". तेच शब्दशः केलं तर होतं एरो आन्दाता, म्हणजे त्रापास्सातो, भूतकाळातल्या घटनेच्याही आधीचा भूतकाळ, आणि ऐकणारा वाट बघत बसतो की बरं, गेली होतीस, मग पुढे काय झालं? दुसरी काही घटना सांगायची नसेल तर साधं येरी सोनो आन्दाता.

पास्सातो रेमोतो हा पुस्तकी, जुन्या घटनांचा भूतकाळ बोलायला घाई करू नका, उत्तरेकडे बोलण्यात तो फारसा ऐकूच येत नाही, दक्षिणेकडे आणि तोस्कानात येतो. पण वाचायला लागतोच, कवी दान्ते नाक्वे (जन्मला) १२६५ मध्ये फिरेन्झेला (फ्लॉरेन्सला) आणि मोरी (वारला) १३२१ मध्ये, असं कुठल्याही पुस्तकात येणार. अनियमित असला तर मी, तो आणि ते एवढीच रूपं वाकडी असतात: स्क्रीस्सी, स्क्रीस्से, स्क्रीस्सेरो. तू-आम्ही-तुम्ही सरळ, स्क्रिवेस्ती, स्क्रिवेम्मो, स्क्रिवेस्ते.

भविष्यकाळ: स्क्रिवेरो (जोर शेवटी), स्क्रिवेराइ, स्क्रिवेरा, स्क्रिवेरेमो, स्क्रिवेरेते, स्क्रिवेरान्नो. पार्लारेचा आ इथे ए होतो, पार्लेरो. आणि "मार्को घरी असेल" हा आपला अंदाजाचा असेल त्यांच्याकडेही तसाच भविष्यकाळात, मार्को सारा आ कासा.

याच बुडख्याला दुसरी शेपटं लावली की कोन्दित्स्योनाले: स्क्रिवेरेइ, स्क्रिवेरेस्ती, स्क्रिवेरेब्बे, स्क्रिवेरेम्मो, स्क्रिवेरेस्ते, स्क्रिवेरेब्बेरो. स्क्रिवेरेमो म्हणजे लिहू आणि स्क्रिवेरेम्मो म्हणजे लिहिलं असतं, एका म ने अर्थ फिरतो, म्हणून जोडाक्षरं नीट दाबून म्हणा. तिकीट मागताना "मला एक तिकीट हवं होतं" असं आपण नम्रपणे भूतकाळात म्हणतो, ते इथे वोर्रेइ ऊन बिल्येत्तो.

आता कोंजुन्तीवो. आरे वाल्यांना ई, बाकीच्यांना आ, स्वरांची अदलाबदल: के पार्ली, के स्क्रीवा. मी-तू-तो तिन्हीला एकच रूप, मग स्क्रिव्यामो, स्क्रिव्याते, स्क्रीवानो. "त्याने लिहावं अशी माझी इच्छा आहे", वोल्यो के स्क्रीवा, हा आपला वावं बरोबर बसतो. पण "मला वाटतं तो आजारी आहे" इथे मराठीत साधा आहे येतो, त्यांना मात्र क्रेदो के सीआ मालातो लागतं. वाटलं, आशा केली, शंका आली की कोंजुन्तीवो, "मला माहितीये" असलं की स्वार्थ, सो के ए मालातो.

आणि शेवटी जर-तर. "वेळ असता तर लिहिलं असतं" हे आपलं एकच वाक्य तिथे दोन होतात. आत्ता वेळ नाहीये म्हणून: से आवेस्सी तेम्पो, स्क्रिवेरेइ (से म्हणजे जर, आवेस्सी हा आवेरेच्या कोंजुन्तीवोचा भूतकाळ). तेव्हा नव्हता, संधी गेली: से आवेस्सी आवूतो तेम्पो, आव्रेइ स्क्रीत्तो. जर-तरच्या या से नंतर आव्रेइ नाही, ही चूक तिथली शाळेतली पोरंही करतात आणि बोलणी खातात.

आज्ञार्थ पटकन: पार्ला, स्क्रीवी, दोर्मी. नको म्हणताना तू ला सरळ मूळ रूप, नोन पार्लारे.

सराव कसा, तर तक्ता भरत बसू नका. रोज एक क्रियापद घ्या, एकच वाक्य घ्या आणि ते मोठ्याने फिरवा: चिठ्ठी लिहिते, लिहितेय (स्तो स्क्रिवेन्दो), लिहिली, ती लिहिली, लिहायचे, लिहीन, लिहिली असती, त्याने लिहावी, वेळ असता तर. आधी मी ने, मग तो ने, मग ते ने. मी वहीत डाव्या पानावर मराठी लिहायचे आणि उजवं पान कोरं सोडायचे, दुसऱ्या दिवशी न बघता भरायचं. जिथे अडायचं ती जागा जवळपास प्रत्येक वेळी पार्तिचीप्योच असायची.